कोड स्वतःच सगळे सांगतो?

‘चांगल्या कोडला कॉमेंट लागत नाही’ हे मत आज प्रोग्रामर मंडळींत बरेच रूढ आहे. रॉबर्ट मार्टिन यांच्या ‘क्लीन कोड’ (2008) या पुस्तकाने त्याला मोठे बळ दिले. पूर्वपक्ष असा: फंक्शन लहान ठेवा, त्याला नेमके नाव द्या, म्हणजे वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. शिवाय कोड बदलत जातो, कॉमेंट मात्र तशीच राहते आणि वाचणाऱ्याला चकवते. दुसरा मुद्दा खरा आहे. पहिला मला साफ अमान्य आहे.

डेबियन या लिनक्स वितरणामधले ओपनएसएसएल या कूटलेखन लायब्ररीचे प्रकरण पाहा. यादृच्छिक संख्या तयार करणाऱ्या फाइलमध्ये दोन फंक्शनांत एकच ओळ होती, अक्षरशः तीच: बफरमधला मजकूर हॅशमध्ये मिसळा. एका ठिकाणी त्या बफरमध्ये मेमरीतला जुना कचरा असे. तो मिसळला नाही तरी चालले असते. दुसऱ्या ठिकाणी मात्र त्याच ओळीतून खरे यादृच्छिक बीज आत जात होते. व्हॅलग्रिंड हे मेमरी तपासणारे साधन कचऱ्याबद्दल तक्रार करू लागले, तेव्हा 2006 मध्ये डेबियनच्या देखभालकर्त्याने दोन्ही ओळी बंद केल्या. हा निष्काळजीपणा नव्हता. त्याने आधी ओपनएसएसएलच्या लोकांना विचारलेही होते. मग उरला तो फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे फार तर 32,768 शक्यता. डेबियन आणि उबुंटूवर तयार झालेल्या एसएसएच किल्ल्या कुणालाही हुडकता येण्याजोग्या झाल्या.

आता सांगा, कोणत्या नावाने हे टळले असते? बोलावलेले फंक्शन तेच, त्याला दिलेल्या चलांची नावेही तीच. मिसळायचे कसे, हे त्या फाइलमध्ये लिहिलेले होते. ही ओळ काढली तर काय गमवाल, हे मात्र त्या ओळीपाशी कुठेच नव्हते. संगणकशास्त्रज्ञ पीटर नौर यांनी 1985 मध्येच मांडले होते की प्रोग्रामचा खरा सिद्धान्त लिहिणाऱ्यांच्या डोक्यात असतो. ती माणसे गेली की कोड राहतो, कारणे जातात.

कॉमेंट शिळी होते, हा आक्षेप ‘काय’ सांगणाऱ्या कॉमेंटला लागू पडतो. ‘का’ सांगणारा मजकूर कमिटच्या संदेशात लिहिला तर तो त्या बदलालाच बांधलेला राहतो. लिनक्स कर्नलमध्ये हीच शिस्त आहे. म्हणूनच एखाद्या अनोळखी ओळीवर ‘गिट ब्लेम’ चालवले की बहुधा कारणापर्यंत पोचता येते.

टेस्ट असल्या की पुरे, असेही म्हणतात. पण डेबियनवरच्या किल्ल्या दिसायला निर्दोष होत्या, लॉगिनही बिनबोभाट होत होते. दोष जाहीर झाला तो थेट मे 2008 मध्ये.