गॅमाच्या शेजारी मानखुर्द

मानखुर्दला राहणाऱ्या माणसाला गावाकडचे नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात. "तुमच्या इथेच ते बीएआरसी ना? मग किरणं वगैरे येत नाहीत का हो घरात?" विचारणाऱ्याच्या खिशात मोबाइल असतो, घरात मायक्रोवेव्ह असतो आणि बऱ्याचदा तो नुकताच एक्स-रे काढून आलेला असतो! किरणं सगळ्यांकडेच आहेत, कुठली ते विचारायला हवं.

शाळेत एक पट्टा काढायला लावायचे. एका टोकाला रेडिओ लहरी, मग मायक्रोवेव्ह, अवरक्त, मधे तानापिहिनिपाजा, पुढे अतिनील, क्ष-किरण आणि दुसऱ्या टोकाला गॅमा. परीक्षेपुरतं पाठ करायचं आणि सोडून द्यायचं. या पट्ट्याचं दुसरं टोक आपल्या स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर आहे, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही.

४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली. इंधन इंग्लंडहून आलेलं, पण उभारणी आपल्याच लोकांनी केलेली, तीही सव्वा-दीड वर्षात. होमी भाभांच्या कामाचा झपाटा तसा होता. ही भट्टी म्हणजे पाण्याने भरलेला खोल हौद आणि त्यात सोडलेलं इंधन. भट्टी चालू असली की पाण्यात निळा उजेड दिसायचा. २० जानेवारी १९५७ ला पंडित नेहरू आले आणि तो उजेड बघून त्यांनी 'अप्सरा' हे नाव दिलं, असं सांगतात.

हा निळा उजेड मला फार आवडतो, कारण त्यात पट्ट्याच्या दोन जागा एकत्र येतात. इंधनातून निघणारे गॅमा किरण डोळ्याला दिसत नाहीत. ते पाण्यातल्या इलेक्ट्रॉनना असा धक्का देतात की ते इलेक्ट्रॉन पाण्यातल्या प्रकाशापेक्षाही जोरात पळतात. (पाण्यात प्रकाशाचा वेग पाऊणपट होतो, म्हणून हे जमतं. निर्वातात नाही जमत.) त्या धावपळीतून निळा प्रकाश बाहेर पडतो. मूळची अप्सरा २००९ मध्ये बंद झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये तिच्याच इमारतीत नवी सुधारित अप्सरा सुरू झाली.

पण सामान्य माणसाच्या आयुष्यात गॅमा आले ते वेगळ्या वाटेने. १९७४ मध्ये तुर्भ्यालाच 'आयसोमेड' सुरू झालं. जाड काँक्रीटच्या भिंतीआड कोबाल्ट-६० ठेवायचा आणि त्याच्यासमोरून ऑपरेशनचा दोरा, सिरिंज, कापूस यांची खोकी फिरवायची. खोकं उघडायचंसुद्धा नाही! किरण पुठ्ठ्यातून, प्लास्टिकमधून आरपार जातात, आतले जंतू मारतात आणि मागे काही राहत नाही. वस्तू किरणोत्सारी होत नाही, जशी टॉर्च मारलेली भिंत नंतर चमकत नाही. हेच तंत्र पुढे लासलगावच्या केंद्रात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून वापरलं गेलं. २००७ मध्ये आपला हापूस अमेरिकेला गेला, तोही तिथूनच किरण खाऊन. बीएआरसीच्या नावाने नाक मुरडणारे तिकडचे नातेवाईक तो आंबा मिटक्या मारत खात असतील. असो.

आता मोबाइल टॉवर. सोसायटीच्या गच्चीवर टॉवर आला की सभेत आवाज चढतात. ९०० मेगाहर्ट्झची लहर साधारण फूटभर लांब असते. तिच्या एका कणाची ऊर्जा आणि कोबाल्टच्या गॅमाच्या एका कणाची ऊर्जा यांची तुलना केली, तर फरक तीनशे अब्ज पटींहून जास्त येतो. मी गणित दोनदा करून पाहिलं. गॅमाचा एक कण पेशीतला रेणू मोडू शकतो, मोबाइलची लहर फार तर थोडं तापवते. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये मोबाइलच्या लहरींना 'कदाचित' असा शेरा दिला आणि भारत सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लावली. सावधगिरी म्हणून ठीकच आहे.

माझी खरी धास्ती वेगळीच आहे, आणि ती मानखुर्दच्या मंडाळ्याच्या भंगार बाजारातून जाताना वाटते.

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात माणसं आजारी पडायला लागली. कातडी काळी पडली, केस गळाले. शोध घेतल्यावर कळलं की दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९८५ पासून पडून असलेलं एक जुनं गॅमा यंत्र त्याच वर्षी फेब्रुवारीत लिलावात विकलं गेलं होतं. भंगारवाल्यांनी ते फोडलं. आत कोबाल्ट-६० च्या कांड्या होत्या. एकाने तर चकाकता तुकडा पाकिटात ठेवला होता. एक कामगार दगावला. कोबाल्ट सव्वापाच वर्षांत निम्मा होतो, म्हणजे यंत्र पडून असलेल्या पंचवीस वर्षांत तो जेमतेम सत्ताविसाव्या भागावर आला असणार. तेवढाही जीव घ्यायला पुरला.

त्या प्रकरणाची चौकशी केली ती अणुऊर्जा नियामक मंडळाने. त्याचं मुख्यालय अणुशक्तीनगरला आहे, मंडाळ्यापासून रिक्षाच्या अंतरावर. एकीकडे देशभरच्या अशा यंत्रांचा हिशेब ठेवणारी कचेरी आणि पलीकडे हातोडा घेऊन बसलेली पोरं, ज्यांना लोखंड, शिसं, पितळ वजनावरून ओळखता येतं. शिशाची जड पेटी दिसली की कुठल्याही भंगारवाल्याला आनंदच होणार. भाव चांगला मिळतो ना!

अशा यंत्रावर धोक्याची खूण असते, पिवळ्यावर काळी तीन पाती. माहीत नसलेल्याला ती पंख्यासारखी दिसते. म्हणून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००७ मध्ये नवी खूण काढली: लाल त्रिकोण, त्यात वरून येणाऱ्या लहरी, खाली कवटी आणि पळणारा माणूस. ती यंत्राच्या बाहेर लावायची नसते, आत लावायची असते, म्हणजे कोणी यंत्र उघडायला लागला तरच दिसेल अशी. वाचता न येणाऱ्यालाही कळावी, हा हेतू. मायापुरीचं यंत्र त्याच्या कितीतरी आधीचं होतं.