टीप १४ : 'सांगोल्याचे आबा'
येथे उल्लेखिलेले 'आबा' म्हणजे गणपतराव देशमुख. ते मूळचे मोहोळ तालुक्यातील पेनूरचे. शेतकरी कामगार पक्षाच्या तिकिटावर ते १९६२ साली सांगोल्यातून प्रथम विधानसभेत गेले आणि एकूण अकरा वेळा निवडून आले. लेखकाने 'सलग' असा शब्द वापरला आहे, तो मात्र बरोबर नाही. १९७२ साली ते हरले व १९७४च्या पोटनिवडणुकीत परतले; १९९५ साली शहाजीबापू पाटलांनी त्यांचा १९२ मतांनी पराभव केला. हे मुद्दाम नोंदवण्याचे कारण असे की, पराभवानंतर ना त्यांनी पक्ष बदलला ना मतदारसंघ. शेकापची ताकद ओसरत गेली, बरोबरीचे कितीतरी नेते काँग्रेसवासी झाले, त्या काळातील हा निर्णय आहे. मंत्रिपद त्यांना दोनदा मिळाले, १९७८च्या पुलोद सरकारात आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. पण त्यांचे खरे काम दुष्काळी माणदेशातले : सांगोल्याची सहकारी सूतगिरणी, रोजगार हमीचा पाठपुरावा, आणि नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदांतून कृष्णेच्या पाण्यासाठी दिलेला दीर्घ लढा. पुढच्या प्रकरणातील टेंभू योजनेची चर्चा या लढ्याशिवाय समजत नाही. आमदार असतानाही एस.टी.ने प्रवास करणारे म्हणून ते राज्यभर ओळखले जात. २०१९ साली त्यांनी निवडणूक लढवली नाही. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले.