प्राथमिक शाळेतील संगीत शिक्षण : सिंधुदुर्ग जिल्हा

१९८१ मध्ये रत्नागिरीपासून वेगळा झालेल्या आणि ओरोस येथे मुख्यालय असलेल्या या जिल्ह्यात भजनी मंडळे वाडीवाडीवर आढळतात, पण प्राथमिक शाळेत संगीताचा स्वतंत्र शिक्षक सहसा नसतो. याला शिक्षकांची उदासीनता नव्हे, नियमाची रचना कारणीभूत आहे. शिक्षणहक्क कायदा (२००९) कलेसाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद करतो ती सहावी ते आठवीसाठी, तीही पट १०० च्या वर असेल तरच. विरळ वस्तीच्या कोकणातील छोट्या शाळा या निकषात बसत नाहीत. मग परिपाठातील प्रार्थना आणि स्नेहसंमेलनातील ध्वनिमुद्रित गाण्यांवरचे नाच, एवढ्यावरच संगीत थांबते. मूल नाचते, गात मात्र नाही.

यावरचा उपाय गावातच आहे. पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावून खर्ज जुळवणारा भजनी मंडळातला वादक केरव्याच्या ८ मात्रा मुलांच्या टाळीत सहज बसवू शकतो. राज्यघटनेचे कलम २८ शासकीय शाळेत धार्मिक शिक्षणाला मनाई करते, हा आक्षेप रास्तच आहे. पण ताल शिकायला अभंगच लागतो असे नाही. फुगडीची गाणी आणि पाठ्यपुस्तकातील कविताही त्यावर चालतात. वादक प्रशिक्षित शिक्षक नसतो हेही खरे. म्हणून वर्ग वर्गशिक्षकानेच सांभाळावा, वादकाने साथ द्यावी; मात्र ती फुकट मागू नये, तिला मानधन हवे.