सुइणीच्या हाती काय द्यावे?

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्याकडील वृद्ध स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आल्या आहेत. या बोलण्यात अलंकार फारसा नाही. ज्या काळी घरोघरी कोणी ना कोणी बाळंतपणात दगावलेली असे, त्या काळचे ते साधे वर्णन आहे. त्या दुसऱ्या जन्माच्या वेळी बाईच्या उशाशी जी असे ती सुईण. तिच्याविषयी राज्यांनी, धर्मपीठांनी आणि वैद्यकमंडळांनी चारशेहून अधिक वर्षे नियम लिहिले आहेत. ते एकापुढे एक मांडून पाहिले म्हणजे एक प्रश्न पुनःपुन्हा डोके वर काढताना दिसतो. तो असा की, हे नियम सुइणीला काय करता यावे यासाठी लिहिले, की तिने काय करू नये यासाठी? आमच्या मते माता किती वाचल्या आणि किती गेल्या, याचे बरेचसे रहस्य या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

आरंभीचे नियम सुइणीच्या हाताविषयी नव्हते, तिच्या चारित्र्याविषयी होते. इंग्लंडात सोळाव्या शतकात सुइणीला परवाना देण्याचे काम धर्मपीठाकडे होते. १५६७ साली एलेनॉर पीड नावाच्या सुइणीने कँटरबरीच्या आर्चबिशपपुढे घेतलेली शपथ उपलब्ध आहे. तीत गरीब आणि श्रीमंत स्त्रियांना सारखेच साहाय्य करण्याचे वचन आहे, आणि ते आजही शोभण्यासारखे आहे. परंतु बाकीची कलमे निराळी आहेत. मुलाचा खोटा बाप सांगू देऊ नये, मूल बदलू नये, जादूटोणा करू नये, आणि मरणोन्मुख अर्भकाला बाप्तिस्मा द्यावा लागल्यास निर्मळ पाणीच वापरावे. मूल आडवे आले तर काय करावे, वार अडकली तर काय करावे, याविषयी शपथेत अक्षर नाही. धर्मपीठाला आत्म्याची आणि वारसाहक्काची काळजी होती. बाईच्या देहाची काळजी ज्याची त्याने करावी, असा एकूण भाव.

देहाची काळजी हा राज्याचा विषय आहे, हे प्रथम ज्या देशांच्या ध्यानी आले त्यांत स्वीडनचा मान मोठा आहे. पॅरिसमध्ये शिकून आलेल्या योहान फॉन होर्न या वैद्याने १६९७ साली स्वीडिश भाषेत सुइणींसाठी पुस्तक लिहिले. पुस्तक सुइणींच्या स्वतःच्या भाषेत होते, ही गोष्ट लहान नव्हे. पुढे १७४९ पासून तेथे गावोगावच्या धर्मोपदेशकांकडून जन्ममृत्यूंचे तक्ते मागविण्याची व्यवस्था झाली, आणि प्रथमच बाळंतपणातील मृत्यू हा दैवाचा भाग न राहता मोजण्याचा विषय झाला. १७५१ मध्ये तेथील आरोग्यमंडळाने जो निष्कर्ष काढला तो आजही मन हलवितो: बाळंतपणात दगावलेल्या ६५१ स्त्रियांपैकी निदान ४०० तरी पुरेशा सुइणी असत्या तर वाचल्या असत्या. म्हणजे अनिवार्य मानलेल्या मरणांपैकी निम्म्याहून अधिक निवार्य होती.

या आकड्याचे उत्तर स्वीडनने शिक्षणाने दिले. प्रत्येक गावाने एक बाई निवडून राजधानीत पाठवावी, तिला शिकवावे व परत गावी नेमावे, असे धोरण ठरले. देश विस्तीर्ण, वस्ती विरळ, हिवाळा दीर्घ. डॉक्टर येईतो बाई व मूल दोघेही जावयाची. म्हणून १८२९ साली स्वीडनने एक धाडसी पाऊल टाकले. विशेष शिक्षण घेतलेल्या सुइणींना चिमटा आणि आकडे वापरण्याची परवानगी त्याने दिली. युरोपात अन्यत्र ही हत्यारे डॉक्टरांनी जपून आपल्याच पेटीत ठेवली होती. १८८१ पासून जंतुनाशकांनी हात व साहित्य स्वच्छ करणे तेथील सुइणींना बंधनकारक झाले. १७५१ च्या सुमारास दर लाख जिवंत जन्मांमागे सुमारे ९०० माता मरत. १९०० च्या सुमारास ही संख्या सुमारे २३० वर आली. सल्फाची औषधे, पेनिसिलिन, रक्तपेढी यांपैकी काहीही त्या काळी नव्हते. होती ती शिकलेली, नेमलेली आणि अधिकार दिलेली सुईण.

स्वच्छतेचा नियम कोठून आला, हे येथेच सांगितले पाहिजे, कारण त्यात एक मार्मिक धडा आहे. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली विद्यार्थ्यांच्या विभागात शंभरांमागे अकराहून अधिक माता बाळंतज्वराने गेल्या. सुइणींच्या विभागात तिनांहून कमी. गरीब बायका पहिल्या विभागात जाणे टाळण्यासाठी काकुळतीला येत. इग्नाझ सेमेलवाइस याने कारण शोधले. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच सूतिकागृहात येत आणि आपल्याच हातांनी मरण आणीत. १८४७ च्या मे महिन्यात त्याने क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केला आणि मृत्यू झपाट्याने उतरले. ज्या सुइणींना अडाणी व घाणेरड्या म्हणण्याची शिष्टांत प्रथा होती, त्यांचा विभाग विद्वानांच्या विभागाहून सुरक्षित होता! नियम केवळ सुइणीसाठी नसतो. तो बाळंतिणीला स्पर्श करणाऱ्या प्रत्येक हातासाठी असतो, हे या प्रकरणाचे तात्पर्य. सेमेलवाइसच्या समव्यावसायिकांना ते पुष्कळ काळ रुचले नाही.

इंग्लंडने मात्र निराळा मार्ग धरला. दीर्घ वादानंतर १९०२ साली तेथे सुइणींचा कायदा झाला, मध्यवर्ती सुईणमंडळ स्थापन झाले, परीक्षा व नोंदणी आली. १९१० नंतर अशिक्षित बाईने डॉक्टरांच्या देखरेखीवाचून पैशासाठी हा व्यवसाय करणे बेकायदा ठरले. सुइणीच्या पिशवीत काय असावे, पोशाख कसा असावा, नोंदी कशा ठेवाव्या, हे सर्व मंडळाने ठरविले. हा लाभ खराच. परंतु काही अनिष्ट दिसताच तिने डॉक्टरास बोलवावे, हा नियमांचा मुख्य रोख होता. आता डॉक्टर आला म्हणजे त्याची फी आली. ती कोणी द्यावयाची? मजुराच्या घरात मध्यरात्री हा प्रश्न किती बिकट होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. सुईण नियम पाळू म्हणते, तर कुटुंब कर्जात पडते. न पाळावा, तर तिचे नाव पटावरून जाते. ही फी स्थानिक अधिकारी मंडळाने द्यावी, अशी तरतूद १९१८ च्या कायद्याने झाली. म्हणजे नियमाची किंमत कोणी सोसावी याचा निर्णय व्हावयास सोळा वर्षे लागली. १९३६ साली सुइणींना पगारी सेवेत घेण्याची व्यवस्था झाली.

या अवधीत इंग्लंडातील मातामृत्यूंचे प्रमाण दर हजारी सुमारे चारावर जवळजवळ अडून राहिले. ते खाली आले १९३५ नंतर, सल्फाची औषधे आल्यावर. याचा दोष सुइणींवर ठेवता येत नाही. किंबहुना डॉक्टर बोलावू शकणाऱ्या सुखवस्तू घरांतील प्रमाण गरिबांच्या घरांपेक्षा कमी नव्हते, असे त्या वेळचे सरकारी आकडेच सांगतात. घाईने लावलेला चिमटा हेही एक कारण इतिहासकार देतात.

आता आपल्या देशाकडे वळू. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून डॉ. आनंदीबाई जोशी पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय प्राचीन आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा होता. आधीच्या वर्षी, १८८५ साली, हिंदी स्त्रियांस स्त्री-डॉक्टरांची मदत मिळावी म्हणून लेडी डफरिन यांच्या नावाचा निधी निघाला होता. १९०३ साली लेडी कर्झन यांनी देशी दायांच्या शिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मारक निधी उभारला. हेतू स्तुत्य; परंतु दाई बहुधा अशा जातीची असे की, बाळंतिणीच्या खोलीबाहेर तिला घराचा उंबरा चढू देत नसत. नाळ कापणे हे विटाळाचे काम म्हणून तिच्यावर सोपवावे, आणि ती घाणेरडी म्हणून तिलाच दूषण द्यावे, असा हा दुटप्पी व्यवहार होता. मद्रासेत १९२६ साली आणि मुंबई इलाख्यात १९३५ साली परिचारिका व सुइणींच्या नोंदणीचे कायदे झाले. तथापि १९४६ साली भोर समितीने अहवाल दिला तेव्हा देशात दरवर्षी सुमारे दोन लाख माता बाळंतपणाच्या कारणाने मरत होत्या, असा तिचा अंदाज होता.

स्वातंत्र्यानंतर उपकेंद्रांवर परिचारिका-प्रसाविका, म्हणजे खेड्यातील आपली नर्सबाई, नेमली गेली. तिच्यापासून मोठी आशा होती. परंतु १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर ती बहूद्देशीय सेविका झाली. कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे, लस टोचणे आणि नोंदवह्या तिच्या गळ्यात पडल्या. नावात प्रसाविका राहिली, हातातून प्रसूती गेली. शिवाय अडचणीच्या वेळी महत्त्वाची औषधे डॉक्टरांच्या आज्ञेवाचून देण्याची तिला मुभा नव्हती. बाळंतपणानंतर गर्भाशय आवळले नाही तर रक्तस्रावाने बाई दोन तासांच्या आतही जाऊ शकते. तालुक्याचे गाव त्याहून दूर असेल तर ‘पुढे पाठवा’ या आज्ञेचा अर्थ काय उरतो?

आफ्रिकेत याच अडचणीतून एक सुंदर साधन जन्मास आले होते. १९७२ साली तेव्हाच्या ऱ्होडेशियात फिलपॉट आणि कॅसल या दोन डॉक्टरांनी दूरच्या दवाखान्यांतील सुइणींसाठी एक आलेख तयार केला. प्रसूती कशी पुढे सरकते हे त्यावर वेळोवेळी टिपावयाचे. त्यावर दोन तिरप्या रेषा: पहिली ओलांडली की बाईला मोठ्या रुग्णालयाकडे हलवावयाचे, तिच्यापुढे चार तासांवर दुसरी, ती ओलांडली की उपाय करावयाचा. ‘काही अनिष्ट दिसल्यास’ या मोघम शब्दांच्या जागी सुइणीच्या हाती घड्याळ आणि रेषा आली. पाठवावे की नाही, हा निर्णय ती स्वतः घेऊ लागली.

भारत सरकारने २००५ साली प्रसाविका व त्यांच्या पर्यवेक्षिकांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शिका काढली आणि २०१० साली ती सुधारून पुन्हा काढली. तिचे ऐतिहासिक महत्त्व आमच्या मते येथे आहे. हा आलेख नर्सबाईने भरावा, असे तीत सांगितले. मूल जन्मताच रक्तस्राव टाळण्यासाठी ऑक्सिटोसिनची सुई तिनेच द्यावी. आकडी आलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस आणि जंतुदोष झालेल्या बाईला प्रतिजैविकाचा पहिला डोस तिनेच द्यावा, आणि मग पुढे पाठवावे. ‘पाठवा’ याच्याआधी ‘द्या’ हा शब्द आला. स्वीडनने १८२९ साली जे केले त्याच जातीचे हे कृत्य होय. २०१८ साली केंद्र सरकारने याही पुढे जाऊन, अठरा महिन्यांचे विशेष शिक्षण घेतलेल्या स्वतंत्र प्रसाविकांचा वर्ग निर्माण करण्याची योजना जाहीर केली.

२००४-०६ या काळात देशात दर लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता मरत. २०१८-२० मध्ये ९७. महाराष्ट्रात हेच आकडे १३० आणि ३३ असे आहेत. या उताराचे श्रेय एका मार्गदर्शिकेला देणे अन्यायाचे होईल. रस्ते, रुग्णवाहिका, रुग्णालयात बाळंत होणाऱ्यांना मिळणारे अर्थसाहाय्य, मुलींचे शिक्षण या सर्वांचा त्यात वाटा आहे. पण रस्त्याने बाई केंद्रापर्यंत पोहोचते. तेथे तिला कोणाचा तरी शिकलेला हात भेटावा लागतो.

मात्र कागदावर अधिकार दिला म्हणजे तो हातात पोहोचला, असे नाही. ऑक्सिटोसिन थंड ठिकाणी ठेवावे लागते. उपकेंद्रात वीज नसेल तर त्याचा गुण जातो. नियम लिहिणाऱ्याने शीतपेटीचाही विचार केला पाहिजे. अन्यथा सोळा वर्षे अडून राहिलेल्या इंग्रजी डॉक्टरच्या फीसारखाच तो नियम गरिबाच्या दारी अडतो. तसेच नियम हा वेदवाक्य नव्हे. फिलपॉटचा आलेख ज्या गृहीतावर उभा होता, की गर्भाशयाचे मुख ताशी एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, ते अनेक निरोगी स्त्रियांना लागू पडत नाही असे दिसून आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली नवा तक्ता काढला. नियम बदलावा तो असा, अनुभवाने.

हा विषय खेड्यातील गरिबांचा, आपला नव्हे, असे सुशिक्षित वाचकांस वाटण्याचा संभव आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत खासगी रुग्णालयांतील शंभरांपैकी सत्तेचाळीस बाळंतपणे शस्त्रक्रियेने झाल्याचे आढळले. त्यांतील काही शस्त्रक्रिया जीव वाचविणाऱ्या, हे निर्विवाद. परंतु सत्तेचाळीसही तशाच, असे कोण म्हणेल? कळा देणाऱ्या बाईजवळ तासन्‌तास बसून, तिला धीर देत, निसर्गाची वाट पाहण्याचे कौशल्य ज्या हाताला आहे, तो हात आपण शहरातून हद्दपार केला. एकीकडे सुईण आहे पण तिच्याजवळ औषध नाही, आणि दुसरीकडे औषध व शस्त्र आहे पण सुईण नाही, अशी आपली स्थिती आहे. चारशे स्त्रिया वाचू शकल्या असत्या असे १७५१ साली स्वीडिश मंडळाने लिहिले, तेव्हा त्याने सुइणीला दोष दिला नाही. सुइणी कमी आहेत, असे म्हटले. आपल्या मुलीबाळींच्या बाळंतपणाचा विचार करताना आपणही तेथूनच आरंभ करणे बरे.