मालवणच्या चाकरमान्याची क्रिकेटशाळा

सचिन तेंडुलकर 15 नोव्हेंबर 1989 रोजी कराचीत पहिल्या कसोटीला उतरला तेव्हा तो 16 वर्षांचा होता. त्याच्या उमेदवारीच्या काळाविषयी बोलताना आपण उपजत गुणांवर भर देतो. गुरू रमाकांत आचरेकर 1932 साली मालवणात जन्मले, हे अभिमानाने सांगतो आणि पुढे जातो. तिथेच थोडं थांबायला हवं. मालवणातून मुंबईला गेलेल्या चाकरमान्याच्या आयुष्यातूनच आचरेकरांची ही क्रिकेटशाळा उभी राहिली, असं मला ठामपणे वाटतं.

दक्षिण कोकणातला माणूस बोटीने मुंबईला यायचा आणि गिरणीत, गोदीत किंवा कचेरीत चिकटायचा. आता आचरेकर कुणाकडून खेळले ते पाहा: 1945 मध्ये न्यू हिंद स्पोर्ट्स क्लब, नंतर यंग महाराष्ट्र, गुलमोहर मिल्स, मुंबई पोर्ट आणि स्टेट बँक. त्यांचा एकुलता एक प्रथम श्रेणी सामनाही स्टेट बँकेच्याच संघातून, 1963-64 च्या मोइनुद्दौला स्पर्धेत झाला. चाकरमान्याला पोटापाण्याला लावणाऱ्या ठिकाणांनीच त्याला खेळतंही ठेवलं. या कचेरी-क्रिकेटमध्ये सामना खेळूनच सामना शिकायचा, आणि आचरेकरांनी शिवाजी पार्कवर मुलांना नेमकं तेच दिलं. 1984 मध्ये थोरला भाऊ अजित 11 वर्षांच्या सचिनला त्यांच्याकडे घेऊन आला. मग शाळा बदलून शारदाश्रम झाली, मुक्काम पार्काजवळ काका-काकूंकडे हलला. सर त्याला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत. नेटमध्ये तो दमला की ते यष्टीवर रुपयाचं नाणं ठेवत: जो बाद करील त्याचं, आणि शेवटपर्यंत टिकला तर सचिनचं. दमलेल्या मुलाला विकेटची किंमत कळावी म्हणून योजलेली ही युक्ती मला फार मोलाची वाटते. फेब्रुवारी 1988 मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या सामन्यात विनोद कांबळीबरोबर 664 धावांची अभेद्य भागीदारी झाली. त्याच वर्षी 11 डिसेंबरला गुजरातविरुद्ध मुंबईकडून रणजी पदार्पणातच सचिनने नाबाद शतक ठोकलं.

कुणी म्हणेल, असा मुलगा कुठेही चमकलाच असता. एकट्या तेंडुलकरपुरतं ते मानताही येईल. पण चंद्रकांत पंडित, लालचंद राजपूत, 1992 मध्ये दरबानला कसोटी पदार्पणातच शतक करणारा प्रवीण आमरे, 1993 मध्ये लागोपाठच्या कसोट्यांत 224 आणि 227 धावा काढणारा कांबळी हे सगळे एकाच गुरूच्या हाताखालचे. इतके जण निव्वळ योगायोगाने येत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. सगळं घडलं मुंबईत, मग मालवणचं त्यात काय? मातीचं श्रेय मीही मागत नाही. उलट, गावातच राहिलेल्या मुलाच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही: गिरणीचा संघ नाही, हॅरिस शील्ड नाही, एका दिवसात गाठता येतील अशी दोन मैदानं नाहीत. 1981 मध्ये मालवणचा सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाला, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. पण क्रिकेटच्या कारभारात हा जिल्हा पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे येतो, मुंबईकडे नाही. ज्या शहरात मालवणी माणसाने ही शाळा घडवली, त्या शहराच्या संघातून खेळायचं तर मालवणच्या पोराला आजही आधी घर सोडावं लागतं.