आंबलेले अंग आणि फोमचे लाटणे

क्रीडामहोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मुले कण्हत असतात. 'सर, अंग आंबलंय,' अशी तक्रार आपल्या ओळखीची आहे. अशा वेळी पोटऱ्या-मांड्यांखाली घालून लाटण्यासारखा फिरवायचा फोम रोलर आता क्रीडासाहित्याच्या दुकानांत मिळतो. मऊ, कडक, उंचवटे असलेला, असे त्याचे अनेक प्रकार. यातला कोणता घ्यावा? त्याचे उत्तर, तो शरीरात नेमके काय करतो यावर अवलंबून आहे. आणि या प्रश्नाची उत्तरे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत बदलत गेली आहेत.

'आंबणे' म्हटले की स्नायूंत काहीतरी आंबट साचले असावे असे वाटते. शास्त्रज्ञांनाही हा विचार पटण्यासारखा होता. १९०७ साली केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी दाखवले, की बेडकाचा स्नायू थकेपर्यंत आकुंचित केला तर त्यात लॅक्टिक आम्ल साठते. हे तेच आम्ल, ज्याने दही आंबट होते. मग रोलरने किंवा मालीश करून हे आम्ल 'बाहेर काढायचे', ही समजूत सहज रुजली. आजही ती ऐकू येते.

पण त्याआधीच, १९०२ साली, अमेरिकेतील थिओडोर हफ यांनी वेगळीच शंका मांडली होती. व्यायामानंतर लगेच येणारा थकवा आणि दुसऱ्या दिवशीचे दुखणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या दिवशीचे दुखणे स्नायूच्या आत कुठेतरी फाटल्यामुळे येत असावे, असे त्यांचे म्हणणे होते. १९८३ साली श्वेन आणि सहकाऱ्यांनी याची कसोटी घेतली. काही जणांना सपाटीवर आणि काहींना उतारावर पळवले. रक्तातले लॅक्टिक आम्ल वाढले ते सपाटीवर पळणाऱ्यांचे. अंग मात्र दुखले ते उतारावर पळणाऱ्यांचे! म्हणजे आम्ल निर्दोष सुटले. उतारावर स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, आणि त्यातून त्याच्या तंतूंना बारीक इजा होते.

आता दुसरे उत्तर पुढे आले. स्नायूंभोवती पातळ आवरण असते, त्याला प्रावरणी म्हणतात. ती चिकटते आणि रोलर तिला मोकळी करतो, असा प्रचार झाला. पण २००८ साली चौधरी आणि सहकाऱ्यांनी गणित मांडून पाहिले, तेव्हा मांडीच्या बाहेरील बाजूची जाड प्रावरणी केवळ १ टक्का दाबायलासुद्धा हाताच्या आवाक्याबाहेरचे बल लागते असे निघाले.

मग रोलरचा उपयोग होतच नाही का? होतो. २०१३ साली मॅकडोनल्ड आणि सहकाऱ्यांना आढळले, की दोन मिनिटे मांडी लाटल्यावर गुडघा सुमारे १० अंश जास्त वाकतो आणि स्नायूची ताकद कमी होत नाही. खरी गंमत २०१५ च्या एका प्रयोगात आहे. एका पायाची पोटरी लाटली, तर दुसऱ्या, न लाटलेल्या पोटरीचीही दुखरी जागा जास्त दाब सहन करू लागली. ही किमया फक्त स्नायूत किंवा प्रावरणीत घडणे शक्य नाही. दुखण्याचा निरोप जिथे तोलला जातो, त्या मज्जासंस्थेचा यात मोठा वाटा असला पाहिजे.

आता निवडीकडे वळू. २००८ साली करन आणि सहकाऱ्यांनी रोलरखालचा दाब मोजला. मऊ रोलरचा दाब सुमारे ३३ किलोपास्कल आणि टेकलेले क्षेत्रफळ ६८ चौ.सें.मी. भरले, कडक, उंचसखल रोलरचे हेच आकडे ५२ आणि ४७. दाब आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार विद्यार्थ्यांना करू द्या. दोन्ही वेळा बल साधारण २२५ ते २४५ न्यूटन येईल. अंगाचा भार जवळपास तोच; क्षेत्रफळ घटले, म्हणून दाब वाढला. पाठ्यपुस्तकातल्या खिळ्याच्या टोकाचाच हा नियम.

पण जास्त दाब म्हणजे जास्त फायदा का? २०१८ साली ग्रॅबो आणि सहकाऱ्यांनी कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन जोरांनी मांडी लाटून पाहिली. लवचीकपणा तिन्ही वेळा सारखाच वाढला. जास्त वेदना सोसल्याचे बक्षीस काहीच नव्हते.

म्हणून नवशिक्याने साधा, गुळगुळीत, मध्यम मऊ रोलर घ्यावा. बसल्यावर तो पार चेपत नाही आणि सोडल्यावर पूर्ववत होतो, एवढे पाहावे. उंचवट्यांसाठी जास्त पैसे मोजण्याची गरज नाही. हाडांवर, सांध्यांवर, ताज्या इजेवर तो फिरवू नये. एकच पोटरी सुजून दुखत असेल, तर रोलर बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे.

आणि मैदानावर 'दुखतंय म्हणजेच गुण येतोय' असे आपण मुलांना सांगत असू, तर ते थांबवायला हवे. दुखणे सहन होईल इतकाच दाब पुरतो, हे मोजून झालेले आहे. उपाय लागू पडतो म्हणून त्याचे सांगितले गेलेले कारणही खरे ठरत नाही, हा या लाटण्याने दिलेला धडा विज्ञानाच्या तासालाही उपयोगी पडेल.