विस्टेरियाचा मुहूर्त

मृगाचा पाऊस पडला, कीं कुंपणाशीं मधुमालतीची फांदी खोंचावी व ती बहुधा जगावी, अशा देशांत वेल लावण्याच्या वेळेचा फारसा विचार कोणी करीत नाहीं. जेथें जमीनच गोठते, तेथें मात्र ही विद्या ठेंचा खात शिकावी लागली. विस्टेरियाच्या वेलीचा इतिहास यासंबंधीं मोठा बोधक आहे.

मे १८१६ मध्यें ईस्ट इंडिया कंपनीचीं ‘कफनेल्स’ व ‘वॉरन हेस्टिंग्ज’ हीं दोन जहाजें कँटनहून इंग्लंडला पोहोंचलीं. त्यांवर या वेलीचीं रोपें होतीं. कँटन येथील कॉन्सिक्वा या धनाढ्य व्यापाऱ्याच्या बागेंत ती फुलत असे. कंपनीचे तेथील चहापरीक्षक जॉन रीव्हज यांनीं ती विलायतेस धाडण्याची खटपट केली होती. चीनकडील जहाजें हिवाळ्यांत ईशान्येच्या मोसमी वाऱ्यावर निघत व कित्येक महिन्यांनीं मुक्कामास लागत. रोप कोणत्या ऋतूंत यजमानाच्या हातीं पडावें हें माळ्यानें नव्हे, वाऱ्यानें ठरविलेलें असे!

‘वॉरन हेस्टिंग्ज’चे कप्तान रिचर्ड रॉज यांनीं आपलें रोप सरे परगण्यांतील रूक्सनेस्ट येथील चार्ल्स हॅम्पडन टर्नर यांस दिलें. कँटन उष्ण, तेव्हां तेथली वेलही उष्णतेचीच भुकेली असणार, असा तर्क करून तिला पीच फळांच्या कांचघरांत ठेविलें. तेथें पारा ८४ अंश फॅरेनहाइटवर जाई. पाहुणचार असा सढळ झाल्यावर व्हावयाचें तेंच झालें: तांबड्या कोळ्यांनीं वेलीस ग्रासलें. मग ती थंड घरांत हलविली, तर तेथें ती पार गोठली. तरीही ती मेली नाहीं. उलट १८१९ च्या मार्चांत तिला फुलें आलीं! त्याच वर्षीं जॉन सिम्स यांनीं ‘कर्टिस बोटॅनिकल मॅगझीन’मध्यें तिचें वर्णन प्रसिद्ध केलें.

चूक तर्काच्या मुळाशींच होती. कँटनच्या बागेंत वेल आणून लावलेली होती; तिचें रानटी माहेर चीनच्या मध्य व उत्तर भागांतील थंड डोंगराळ प्रदेशांत पसरलें आहे. ती हिवाळ्यांत पानें झाडून निजते, आणि ही निद्राच लावणीचा खरा मुहूर्त. पानें नसल्यामुळें पाणी उडून जात नाहीं, व नव्या मुळांवर भार पडत नाहीं. एकदां हें उमगल्यावर वेल कांचघर सोडून भिंतीवर चढली. चिझिक येथील हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेंतील वेल सुमारें वीस वर्षांत १८० फूट पसरली. तिला ६,७५,००० फुलें आल्याचा अंदाज त्या वेळीं करण्यांत आला होता. असल्या अंदाजांत माळ्याचा अभिमान थोडा मिसळलेला असावयाचाच.

परंतु एकच निद्रा सर्वत्र सारखी उपयोगी नाहीं. दक्षिण इंग्लंडांत शरदऋतूंत जमिनीची ऊब टिकून असते, म्हणून आक्टोबर-नोव्हेंबरांत लावलेली वेल थंडीपूर्वीं थोडीं मुळें धरते. न्यू इंग्लंड किंवा कॅनडांत जमीन खोल गोठते. गोठतां-वितळतां ती फुगते आणि नवें रोप मुळांसकट वर ढकलून देते. तेथें बर्फ वितळून माती हातांत भुसभुशीत येईपर्यंत थांबावें, व कळ्या उमलण्यापूर्वीं लावणी उरकावी, हेंच शहाणपणाचें. शेजाऱ्याची वेल बहरलेली पाहून मोहानें केलेली लावणी सहसा उशिराचीच ठरते.

लावणी साधली तरी फुलांचा घात निराळ्या कारणानें होतो. चिनी वेलीच्या फुलकळ्या आदल्या उन्हाळ्यांतच तयार होतात व पानांच्या आधीं उमलूं लागतात. एप्रिलचें एक हिंव त्या सर्व करपवून टाकतें. १७२४ मध्यें मार्क केट्सबी यांनीं इंग्लंडांत आणलेली तिची अमेरिकन बहीण पानें आल्यावर फुलते, म्हणून बहुतेक वांचते. घोस मात्र तिचे आंखूड.

चिझिकच्याच ग्रिफिन मद्यशाळेच्या भिंतीवरील वेल १८१६ सालची मानली जाते, व ती अद्यापि दर वसंतांत फुलते.